विश्लेषण : गरिबी पडद्यावर दिसते, पण कॅमेरा कोणाच्या बाजूला उभा असतो? रेन्वारचा ससा, 'फँड्री'तले डुक्कर आणि मंठ्याचा प्रेक्षक

फ्रान्समधल्या ८० वर्षांहून जुन्या एका चित्रपटात उमराव मंडळी हौसेखातर सशांची शिकार करतात. महाराष्ट्रातल्या एका चित्रपटात कैकाडी कुटुंब गावाच्या सांगण्यावरून डुक्कर पकडते आणि सगळे गाव मजा बघायला जमते. दोन्ही चित्रपट विषमतेबद्दल आहेत आणि दोन्हींमध्ये एक शिकार आहे. तरीही दोन्ही पाहताना मनात उमटणारी भावना अगदी वेगळी असते. असे का होते? आणि जालना जिल्ह्यातल्या मंठ्यासारख्या गावात मोबाइलवर सिनेमा पाहणाऱ्या तरुणाचा याच्याशी काय संबंध?

काय आहे हा फ्रेंच चित्रपट?

'ला रेग्ल द्यू जू', म्हणजे 'खेळाचे नियम'. दिग्दर्शक ज्याँ रेन्वार. जुलै १९३९ मध्ये, दुसरे महायुद्ध सुरू होण्याच्या जेमतेम दोन महिने आधी, तो पॅरिसमध्ये प्रदर्शित झाला. कथा एका श्रीमंत मार्कीच्या, म्हणजे सरदाराच्या गढीवर घडते. पाहुणे जमतात, शिकार होते, रात्री नाटक-गाणी होतात, नवरे-बायका आणि प्रियकर यांची लपाछपी चालते. खाली स्वयंपाकघरात नोकरांचीही अशीच लपाछपी सुरू असते. शेवटी एक माणूस बंदुकीच्या गोळीने मरतो आणि मालक पाहुण्यांना सांगतो, की हा अपघात होता. सगळे ते मान्य करून आत निघून जातात. हाच तो खेळ आणि हेच त्याचे नियम.

प्रेक्षकांना हा आरसा आवडला नाही. चित्रपट आपटला, रेन्वारने त्यात काटछाट केली, तरी सरकारने त्यावर बंदी घातली. पुढे युद्धातल्या बॉम्बहल्ल्यात मूळ निगेटिव्हही नष्ट झाली. उरलेले तुकडे जुळवून १९५९ मध्ये तो पुन्हा उभा करण्यात आला आणि तेव्हापासून त्याची गणना जगातल्या श्रेष्ठ चित्रपटांत होते.

वर्ग दिसतो, मग कोण दिसत नाही?

या चित्रपटाचे मोठेपण असे, की तो मालक आणि नोकर या दोघांनाही पडद्यावर जागा देतो. पण बारकाईने पाहिले, तर जागेतही प्रतवारी आहे.

पहिले उदाहरण मार्कीचे. ही भूमिका मार्सेल दालिओ या ज्यू अभिनेत्याने केली. कथेतही मार्कीच्या आईकडचे घराणे ज्यू आहे. हे प्रेक्षकाला कोण सांगते? उमराव पाहुणे नव्हे, तर स्वयंपाकघरात जेवायला बसलेले नोकर. मालकाच्या कुळाबद्दल टोमणा खालच्या पंगतीतून येतो. त्यावर आचारी मालकाची बाजू घेतो, कारण बटाट्याच्या सॅलडमधली चूक मालकाने बरोबर ओळखली होती. म्हणजे जेवणाची पारख असली, तर परके कूळही माफ!

हा प्रसंग मराठी वाचकाला नवा वाटणार नाही. वरचा खालच्याला हिणवतो, हे अर्धेच सत्य आहे. खालचाही आपल्याहून खालचा कोणी सापडतो का, हे शोधत असतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. प्रत्येक पायरीवरच्या माणसाला पायाखाली आणखी एक पायरी मिळते, म्हणून जिना मोडायला कोणी तयार होत नाही. त्यांचे 'जातिप्रथेचे निर्मूलन' हे भाषण पुस्तकरूपाने आले १९३६ मध्ये, या चित्रपटाच्या तीन वर्षे आधी.

दुसरे उदाहरण जास्त बोचरे आहे. मार्कीला चावीच्या खेळण्यांचा नाद आहे. त्याने नव्याने मिळवलेली एक बाहुली तो कौतुकाने दाखवतो. ती कृष्णवर्णीय स्त्रीची आहे. तेव्हा आफ्रिकेचा मोठा भाग फ्रान्सच्या ताब्यात होता. तिथल्या माणसांच्या श्रमावर फ्रान्सची श्रीमंती पोसली जात होती. श्रीमंतीवरच्या या महान चित्रपटात मात्र ती माणसे दिसतात ती चावी दिल्यावर हलणाऱ्या खेळण्याच्या रूपात. रेन्वारला हे मार्कीच्या पोकळपणावर बोट ठेवण्यासाठी दाखवायचे असेल. तरीही हातापायांना हाडामांस असलेला, स्वतःचे बोलणे असलेला असा माणूस कथेत नाही, हे उरतेच.

तिसरे उदाहरण शिकारीचे. पांढरे अंगरखे घातलेले हाकारे झाडांवर काठ्या आपटत ओळीने पुढे सरकतात. घाबरलेले ससे आणि पक्षी बंदुकांच्या टप्प्यात येतात. नेम धरणाऱ्या पाहुण्यांना नावे आहेत, भांडणे आहेत, प्रेमप्रकरणे आहेत. हाकाऱ्यांना नाव नाही. प्रसंग संपला की तेही संपतात.

दालिओचे पुढे काय झाले?

प्रतिनिधित्व हा फावल्या वेळेतल्या चर्चेचा विषय नाही, हे दालिओच्या आयुष्याने दाखवून दिले. ज्यू अभिनेत्याला फ्रेंच सरदार म्हणून उभे करणे तेव्हा अनेकांना खटकले होते. वर्षभरात नाझी सैन्य पॅरिसमध्ये आले. दालिओ देश सोडून पळाला. 'ज्यू कसा ओळखावा' हे लोकांना शिकवण्यासाठी त्याच्याच चेहऱ्याची भित्तिपत्रके वापरली गेली. रेन्वारने ज्या चेहऱ्याला दिवाणखान्याचा मालक केले, त्याच चेहऱ्याला सत्तेने गुन्हेगाराचा नमुना केले. पुढे हॉलिवूडमध्ये तो 'कॅसाब्लांका'त जुगाराच्या टेबलावरच्या छोट्या भूमिकेत दिसला. पडद्यावर कोणाला कुठे उभे केले जाते, यावर रस्त्यावर त्याच्याकडे कसे पाहिले जाणार हेही अवलंबून असते.

मराठी पडद्यावर काय चित्र होते?

मराठी ग्रामीण चित्रपटाने दशकानुदशके गाव दाखवले. त्यात पाटील होता, सरपंच होता, तमाशाचा फड होता, इनामदाराचा वाडा होता. गावकुसाबाहेरची वस्ती मात्र क्वचितच कथेचे घर झाली. तिथला माणूस आला तर निरोप घेऊन आला, मार खायला आला किंवा हसवायला आला.

याला छेद देणारा महत्त्वाचा चित्रपट म्हणजे विजय तेंडुलकर यांनी लिहिलेला आणि जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेला 'सामना'. १९७५ मध्ये तो बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धेत होता. साखर कारखानदारीतून उभ्या राहिलेल्या हिंदुराव पाटलाची (निळू फुले) सत्ता आणि तिला प्रश्न विचारणारा दारुडा मास्तर (श्रीराम लागू) यांचा तो सामना आहे. सगळी कथा मारुती कांबळे या माणसाचे काय झाले, या प्रश्नाभोवती फिरते. तो प्रश्न आजही महाराष्ट्राच्या राजकारणात म्हणीसारखा वापरला जातो.

पण सामना कोणाकोणात होतो? पाटील आणि मास्तर यांच्यात. कांबळेची गोष्ट इतरांच्या तोंडून उलगडते. तो प्रश्न आहे, पुरावा आहे, सदसद्विवेकाची टोचणी आहे. कथेचा डोळा मात्र तो नाही. आणि ज्या साखरेवर हिंदुरावाचे साम्राज्य उभे आहे, ती साखर ज्याच्या कोयत्यातून कारखान्यात पोहोचते तो ऊसतोड कामगारही कथेच्या केंद्रात नाही. रेन्वारच्या शिकारीतल्या हाकाऱ्यासारखाच तो चौकटीच्या कडेला राहतो. यामुळे 'सामना' लहान ठरत नाही. सत्तेवर निर्भीडपणे बोलणाऱ्या कलाकृतीतही कोणाला बोलायला मिळते, हा प्रश्न वेगळा विचारावा लागतो, इतकेच.

'फँड्री'ने नेमके काय बदलले?

नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' २०१३ मध्ये महोत्सवांत गाजला आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये राज्यभर प्रदर्शित झाला. फँड्री म्हणजे कैकाडी बोलीत डुक्कर. शाळकरी जब्या (सोमनाथ अवघडे) वर्गातल्या शालूवर जीव लावतो. त्याच्या बापाला, कचरू मानेला (किशोर कदम) गावातली डुकरे पकडण्याचे काम करावे लागते.

शेवटची डुकराची शिकार रेन्वारच्या शिकारीशेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. रेन्वारकडे कॅमेरा शिकाऱ्यांची ओळख करून देतो. मंजुळेंकडे कॅमेरा हाकाऱ्यांबरोबर धावतो. उमरावांच्या जागी इथे मजा बघत बसलेले गाव आहे. ते सामना बघावा तसे बसून शेरे मारते. जब्याची धडपड डुक्कर पकडण्याची नाहीच. हे काम करताना शालूने आणि वर्गातल्या पोरांनी आपल्याला बघू नये, यासाठी तो लपत राहतो. शाळेत राष्ट्रगीत सुरू होते, तो जागच्या जागी उभा राहतो आणि डुक्कर निसटते. मेलेले डुक्कर काठीला बांधून नेताना मागच्या भिंतीवर महापुरुषांची चित्रे असतात. अखेर जब्या दगड उचलतो आणि तो दगड थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येतो.

हा दगड महत्त्वाचा आहे, कारण तोपर्यंत बघणाऱ्यांच्या गर्दीत प्रेक्षकही बसलेला असतो. रेन्वारचा प्रेक्षक सशाबद्दल हळहळतो आणि घरी जातो. 'फँड्री'चा प्रेक्षक आपण कोणत्या बाजूला बसलो होतो, हे विचारत घरी जातो. यालाच प्रतिनिधित्व म्हणायचे. पडद्यावर कोणत्या जातीची किती माणसे आली, ही झाली मोजणी. गोष्ट कोणाच्या डोळ्यांनी पाहिली गेली, हा खरा मुद्दा.

पुस्तक आधी आले, कॅमेरा इतक्या उशिरा का?

कैकाडी समाजातल्या माणसाने स्वतःची गोष्ट स्वतः सांगणे मराठीला नवीन नव्हते. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० मध्ये आले. त्याआधी १९७८ मध्ये दया पवार यांचे 'बलुतं' आले होते. मराठवाड्यातल्या लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ मध्ये आले. 'उपरा' आणि 'उचल्या' या दोघांनाही साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, डॉ. आंबेडकरांनी १९५० मध्ये सुरू केलेल्या मिलिंद महाविद्यालयाने आणि गंगाधर पानतावणे यांच्या 'अस्मितादर्श'ने अशा लेखकांच्या पिढ्या घडवल्या.

'उपरा' ते 'फँड्री' हे अंतर ३३ वर्षांचे आहे. याचे कारण प्रतिभेत नाही, पैशात आहे. पुस्तक लिहायला वही-पेन पुरते. चित्रपटाला कॅमेरा, फिल्म, स्टुडिओ, कलावंत, वितरक आणि थिएटर लागते. यातले जवळपास सगळे मुंबई, पुणे, कोल्हापूर या पट्ट्यात एकवटले होते. पैसा ज्याचा, गोष्ट त्याच्या ओळखीची. मंजुळे सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. त्यांनी नायक शोधला तोही त्याच भागात हलगी वाजवणाऱ्या पोरांतून. दिग्दर्शक बदलला की नायक शोधायची जागाही बदलते.

जात काढून फक्त वर्ग ठेवला तर?

याचे उत्तर बाजारानेच दिले आहे. एप्रिल २०१६ मध्ये आलेल्या 'सैराट'ने मराठीत १०० कोटींच्या पुढची कमाई करून दाखवली. दोन वर्षांनी त्याचा हिंदी अवतार 'धडक' आला. कथा करमाळ्याच्या परिसरातून उदयपूरला गेली. जातीचा धागा पुसट झाला आणि राजकारणी बाप, प्रतिष्ठा, श्रीमंती हे ठळक झाले. शेवट तितकाच रक्ताळलेला होता, पण तो खून कशासाठी झाला हे धूसर राहिले. गरीब मुलगा श्रीमंत होऊ शकतो, ही आशा चित्रपटांना आवडते. जात पैशाने सुटत नाही, ही गोष्ट सांगायला अवघड जाते. म्हणून विषमतेवरच्या चित्रपटात वर्ग आधी येतो आणि जात मागच्या दाराने बाहेर जाते.

पण रेन्वार तर श्रीमंत घरातलाच होता!

हा आक्षेप रास्त आहे. ज्याँ रेन्वार हा विख्यात चित्रकार ऑग्यूस्त रेन्वार यांचा मुलगा. त्याने आपल्याच वर्तुळावर इतका कठोर चित्रपट केला. मग ज्याची गोष्ट त्यानेच सांगावी, हा हट्ट कशाला? कला म्हणजे काही जातप्रमाणपत्र तपासणारी खिडकी नव्हे.

उत्तर रेन्वारच्याच कामात आहे. तो श्रीमंतांबद्दल इतके खरे बोलू शकला, कारण त्या दिवाणखान्याचा कानाकोपरा त्याला माहीत होता. चित्रपटात त्याने ऑक्तावची भूमिका स्वतः केली. हा ऑक्ताव श्रीमंतांच्या आधाराने जगणारा मित्र आहे. म्हणजे आपण कुठे उभे आहोत, हे त्याने लपवले नाही. पुढे हाच रेन्वार भारतात आला आणि बंगालमध्ये 'द रिव्हर' (१९५१) केला. चित्रपट देखणा आहे, पण कथा नदीकाठच्या एका इंग्रज कुटुंबाची आहे आणि बंगाली माणसे बहुतांशी मागे वावरतात. त्या वेळी जागा शोधण्यासाठी त्याच्याबरोबर फिरणारा एक तरुण होता, सत्यजित राय. रायने १९५५ मध्ये 'पाथेर पांचाली' केला, तेव्हा कॅमेरा बंगाली घराच्या अंगणात आला.

बाहेरच्याने गोष्ट सांगू नये, असा याचा अर्थ नाही. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मध्ये शाहीर नारायण कांबळेची भूमिका चळवळीतून आलेल्या वीरा साथीदार यांनी केली आणि ती खरी वाटली. अर्थ इतकाच, की सगळ्या गोष्टी बाहेरच्यांनीच सांगितल्या, तर काही खोल्यांची दारे कधी उघडत नाहीत.

'श्रेष्ठ' कोण ठरवते?

ब्रिटनचे 'साइट अँड साउंड' मासिक दर दहा वर्षांनी जगभरातल्या समीक्षकांकडून सर्वोत्तम चित्रपटांची यादी मागवते. १९५२ ते २०१२ या सगळ्या याद्यांत रेन्वारचा हा चित्रपट पहिल्या दहात होता. २०१२ मध्ये तो चौथा होता. २०२२ मध्ये तो १३ व्या क्रमांकावर गेला. मधल्या काळात चित्रपटात एकही चौकट बदलली नव्हती. बदलले ते मत देणारे. २०१२ मध्ये ८४६ जणांनी मते दिली होती, २०२२ मध्ये १६०० हून अधिक जणांनी. त्या यादीत प्रथमच एका स्त्रीचा, शांताल आकेरमन यांचा चित्रपट पहिला आला. बघणारे बदलले की श्रेष्ठतेची यादी बदलते. रेन्वार लहान झाला नाही, रांग मोठी झाली.

मंठ्याशी याचा संबंध काय?

मंठा हे जालना-जिंतूर रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. मराठवाड्यातला हा कोरडवाहू पट्टा, आजूबाजूला बंजारा तांडे. दिवाळीच्या आगेमागे इथल्या अनेक कुटुंबांचे बिऱ्हाड ट्रॅक्टरमध्ये चढते आणि पश्चिम महाराष्ट्र किंवा कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे निघते. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा माणूस अर्धा कोयता. माणूस इथे हत्याराच्या नावाने मोजला जातो. पोरांची शाळा अर्ध्यावर सुटते. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे, तरी बरीच पोरे आई-बापाबरोबर फडावर जातात.

हा माणूस पडद्यावर कधी दिसतो? अपघात झाला की बातमीत. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये गाजला, तेव्हा कॅमेरे कोपीपर्यंत आले. ते येणे गरजेचेच होते. पण कॅमेरा फक्त दुःख मोजायला आला, तर माणूस पुन्हा मारुती कांबळे होतो, म्हणजे इतरांनी सोडवायचा एक प्रश्न. फडावर रात्री कोण काय गातो, उचल फिटल्यावर बाई पहिली खरेदी कशाची करते, दहावीत चांगले गुण मिळवलेली मुलगी कोयता हातात घेताना काय लपवते, हे त्या बातमीत येत नाही. आणि जे कुठेच येत नाही, ते धोरण ठरवणाऱ्याच्या डोळ्यांसमोरही येत नाही. त्याच्या तक्त्यात फक्त कोयत्यांची संख्या असते.

बोलीचेही तेच. मराठवाड्यातला माणूस मालिकेत आला की त्याची बोली बहुधा हशा पिकवायला असते. गंभीर प्रेम, मोठा निर्णय, शहाणपणाचे बोलणे हे प्रमाण भाषेत. आपल्या भाषेत फक्त विनोद होतात, हे सतत ऐकणारा मुलगा मुलाखतीच्या खोलीत शिरताना आपला आवाज बाहेर ठेवून जातो.

मग प्रेक्षकाने काय करायचे?

जुने चित्रपट टाकून द्यायचे नाहीत. रेन्वार पाहायचा, 'सामना' पाहायचा, पण पाहताना तीन प्रश्न सोबत ठेवायचे. या गोष्टीत घाम कोणाचा गळतो आहे? त्याला नाव आणि स्वतःचे बोलणे आहे का? आणि कॅमेरा त्याच्या बरोबर चालतो, की त्याच्याकडे बघत उभा राहतो? या तीन प्रश्नांनी चांगला चित्रपट वाईट ठरत नाही, त्याची सीमा कुठे आहे हे कळते.

दुसरी गोष्ट कॅमेऱ्याची. १९८० मध्ये लक्ष्मण मानेंच्या हातात वही होती, कॅमेरा नव्हता. आज मंठ्यातल्या, तांड्यावरच्या, फडावरच्या पोराच्या खिशात कॅमेरा आहे. पण मोबाइल हातात आला म्हणून गोष्ट सांगता येत नाही. 'फँड्री'तल्या बघ्यांच्या हातातही मोबाइल होते, आणि त्यांनी त्यातून जब्याची थट्टाच टिपली. तेच यंत्र थट्टा करणाऱ्याच्या हातात आहे आणि जब्याच्याही. फरक पडायचा तर जब्याला शिकवणारे कोणी हवे. जिल्ह्याच्या ठिकाणी चित्रपटाचे शिक्षण, तालुक्याच्या महाविद्यालयात संकलन शिकता येईल अशी एक खोली आणि राज्याच्या अनुदानात मराठवाड्याच्या पहिल्या चित्रपटांसाठी राखलेला वाटा, एवढ्या मागण्या काही मोठ्या नाहीत.

साखर कारखान्याचा भोंगा, पाटलाचा वाडा आणि मास्तरांचा संताप मराठी पडद्याने दाखवून झाला आहे. कोयत्याच्या बाजूने पाहिलेला उसाचा फड अजून त्याच ताकदीने यायचा आहे. तो दाखवणारी मुलगी कदाचित या हंगामात फडावर असेल. हंगाम संपल्यावर ती शाळेत परत येते का, यावर मराठी सिनेमातली एक मोठी गोष्ट अवलंबून आहे.